इमारतीतलं सर्वांत हिरवं घर

रविवार, दोन एप्रिल. सकाळी सहाला उठलो. अर्धा लिटर दूध आणलं. दाढी केली. दहा वाजता खाली सोसायटीची सभा झाली. सव्वादहाला मला पहिलं बक्षीस मिळालं, अकराला ते गेलं. घरी येऊन जेवलो. आता दुपारचे चार वाजले आहेत.

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आणि भावोजींनाही, ते जागे असले तर. तुझ्या उजव्या गुडघ्याचं काय झालं? मागच्या पत्रात तू पानभर डाव्याबद्दल लिहिलंस आणि शेवटच्या ओळीत 'आता दुसराही बोलायला लागलाय' म्हणून सही केलीस, तेव्हापासून मी उजव्याच्या बातमीची वाट पाहतो आहे. मी बरा आहे. जेवतो, झोपतो, संध्याकाळी नाक्यापर्यंत जाऊन येतो. तू विचारलंस, येऊन राहू का. नको येऊस. चौथा मजला, लिफ्टचा भरवसा नाही आणि तुझे ते गुडघे. एकट्याचं काय असतं, उरकून जातं. काळजीचा भाग इथे संपला असं समज. आता बक्षिसाचं सांगतो, कारण तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू फोन करशील, आणि फोनवर मला काही सांगता येत नाही हे तुला माहीत आहे.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष तळमजल्यावरचे दंतवैद्य आहेत. त्यांच्या दवाखान्यात पेशंटांनी वाचून वाचून लक्तरं केलेली मासिकं असतात, त्यातल्या एकात त्यांना 'वसंतात घर हिरवं करण्याचे बारा सोपे मार्ग' सापडले. (अकराच होते. बारावा कुणीतरी फाडून नेला होता.) जानेवारीत त्यांनी स्पर्धा जाहीर केली. गेल्या वर्षीच्या जानेवारी ते मार्चपेक्षा यंदा ज्या घराची वीज, पाणी आणि कचरा सगळ्यांत जास्त कमी होईल ते इमारतीतलं सर्वांत हिरवं घर. बक्षीस म्हणून ओल्या कचऱ्याचं खत करायचा तीन कप्प्यांचा डबा, आणि खालच्या मुख्य दारापाशी वर्षभर विजेत्याच्या नावाची पाटी. वीज आणि पाण्याचे आकडे मीटरवरून मिळाले. कचऱ्यासाठी डॉक्टर रोज सकाळी पायजम्यातच जिन्याखाली उभे राहून हातातल्या स्प्रिंगच्या काट्यावर प्रत्येकाची पिशवी तोलत. गेल्या वर्षीचा कचरा कुणीच तोललेला नव्हता, म्हणून तो त्यांनी 'साधारण' धरला. तो काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं, पण बोललो नाही. तीस वर्षं वजनमापं तपासण्याची नोकरी केली, आता निवृत्त माणसाने दुसऱ्याच्या काट्यात बोट घालू नये. इमारतीत मला अजून सगळे 'काटेवाले'च म्हणतात, तेवढं पुरे आहे.

मी स्पर्धेत भाग घेतला नव्हता. कागद दाराखालून सरकवून गेले होते, आणि जानेवारीत मी दाराखालून येणारे कागद वाचत नव्हतो. पण भाग सगळ्यांनीच घेतल्यासारखा होता, कारण मीटर सगळ्यांनाच आहे. मार्च संपायला तीन दिवस होते, पण डॉक्टरांना धीर नव्हता. गेल्या मंगळवारी बेल वाजली. दारात डॉक्टर, हातात वही.

"काटेवाले! अहो, पहिले आलात तुम्ही! निम्म्याच्याही खाली! केलंत तरी काय?"

मी म्हटलं, "काही केलं नाही."

त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. 'विशेष काही न करता.'

तुला वाटेल, या माणसाला माहीत नव्हतं की काय. होतं. डिसेंबरात ही गेली तेव्हा ते येऊन आमच्या खुर्चीत तासभर बसले होते. रडलेसुद्धा, मीच त्यांना पाणी आणून दिलं होतं. वाईट माणूस नाही. पण दात पाहणाऱ्याला तोंड उघडलं की दातच दिसतो, तोंड कुणाचं ते नंतर आठवतं. आणि त्यांच्या फॉर्मात वीज होती, पाणी होतं, कचरा होता, घरात माणसं किती हा रकाना नव्हता.

गुरुवारी ते फोटो काढायला आले. सभेत मी भाषण करायचं होतं, त्यासाठी मुद्दे हवे होते. मी बोलत नाही म्हटल्यावर ते स्वतःच घरभर फिरून मुद्दे गोळा करू लागले. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक कप पालथे घातलेले. "वा! भांडीच कमी, म्हणजे पाणीच कमी!" फ्रिजची पिन काढून ठेवलेली. (अर्ध्या लिटर दुधासाठी एवढं कपाट कशाला चालवायचं?) "फ्रिजसुद्धा? तुम्ही तर साधुपुरुष निघालात." कपडे धुण्याचं यंत्र झाकून ठेवलंय, दोन शर्ट मी हाताने धुतो, त्याचा एक मुद्दा झाला. गॅलरीत हिच्या बारा कुंड्या आहेत, त्यांच्या काड्या झाल्या आहेत. तिथे ते जरा थबकले, मग म्हणाले, पाण्याची बचत म्हणून ठीक आहे, पण याचा फोटो नको. झोपायच्या खोलीत त्यांना नीट अंथरलेली चादर दिसली. चादर किती दिवसांनी धुता असं त्यांनी विचारलं, आणि मी चुकून खरं सांगितलं, की एकच बाजू मळते, म्हणून ती मळली की चादर फिरवून घालतो, दुप्पट दिवस जातात. डॉक्टरांनी पेन काढलं. मुद्दा क्रमांक सात.

खरं तर गेल्या वर्षी अशी स्पर्धा असती तर चोवीस घरांत आमचा चोविसावा नंबर आला असता. तू राहून गेली आहेस, तुला माहीत आहे. ही उठली की चारही खोल्यांचे दिवे लागायचे. गिझर आधी लागायचा, आंघोळीचा विचार मागून यायचा. ही बाहेरच्या खोलीत असली तरी स्वयंपाकघरात रेडिओ चालू, का तर त्या खोलीला एकटं वाटायला नको. दोघांसाठी रांधायची ते आठ जणांना पुरायचं, मग उरलेलं घेऊन जिना चढउतर. आणि मी तिच्यामागून बटणं बंद करत हिंडायचो. एकोणतीस वर्षं. ती म्हणायची, "अहो, घर आहे की गोदाम?" मी तिला या महिन्याचे युनिट सांगायचो, मागच्या महिन्याचे सांगायचो, दोन्हींतला फरक सांगायचो. लोक बायकोशी काय बोलतात मला माहीत नाही, ताई. मी हे बोललो.

आता दुसऱ्या नंबरचं. दुसऱ्या आल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई. त्यांनी अकराच्या अकरा मार्ग खरोखर केले. तीन महिने अर्ध्या बादलीत आंघोळ. लिफ्टला हात नाही. शिवण फक्त खिडकीतल्या उजेडात, इस्त्री आठवड्यातून एकदाच. (त्यापायी एका नवरदेवाचा कोट लग्नानंतर चार दिवसांनी तयार झाला. तो अजून जिन्यात भेटेल तिथे त्यांच्याशी भांडतो.) हा सगळा खटाटोप डब्यासाठी नव्हता, पाटीसाठी होता. दहा वर्षं त्या मुख्य दाराशी आपली छोटी पाटी मागत आहेत, आणि धंद्याची पाटी नियमात बसत नाही असं त्यांना दहा वर्षं सांगितलं जातं. सांगतात डॉक्टर, स्वतःच्या पाटीखाली उभे राहून. वर्षभर दारात नाव दिसलं असतं तर येणाऱ्याजाणाऱ्याने 'या कोण?' म्हणून विचारलं असतं, आणि शिंपिणीला तेवढं पुरतं. ते नाव माझं लागणार होतं.

मला हे मंगळवारीच कळत होतं. नोकरीत पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलं, की दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मधोमध उभा राहिला पाहिजे. नाही राहिला तर तराजू खोटा, मग त्यात सोनं तोला नाहीतर कांदे. इथे एका पारड्यात दोन माणसं होती आणि दुसऱ्यात एक. असल्या तराजूसाठी मी लोकांची दुकानं बंद केली आहेत. आणि चार दिवस मी गप्प बसलो. कारण सांगायचं तर 'घरात आता मी एकटाच आहे' हे वाक्य तोंडाने म्हणावं लागलं असतं. डिसेंबरात माझ्या वतीने सगळ्यांना तूच फोन केलेस. मी ते अजून एकदाही म्हटलेलं नव्हतं.

आज सकाळी खाली गाड्या हलवून खुर्च्या मांडल्या होत्या. समोरच्या झाडाला नवी पालवी आली आहे, त्याखाली टेबल, टेबलावर डबा. डबा चांगला मोठा आहे. चौघांच्या कुटुंबाला पुरेल असं त्यावर छापलंय आणि रोज निदान अर्धा किलो ओला कचरा घालावा अशी सूचना आहे. माझा निघतो एका केळ्याच्या सालीएवढा. डॉक्टरांनी माझ्या हातात मुद्द्यांचा कागद दिला आणि मी तो वाचत गेलो. गरजेपुरतेच दिवे लावा. गरजेपुरतंच रांधा. सातव्या मुद्द्याला, म्हणजे चादरीला, टाळ्या पडल्या. मग तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यातली मुलगी उठली आणि म्हणाली, "काका, आम्ही तर दोघंच आहोत, तरी अठरावे आलो. दोघांना हे जमवायचं कसं?"

मी म्हटलं, "दोघांना नाही जमत. एकालाच जमतं."

हशा झाला. मोठा झाला. काटेवाल्यांनी विनोद केला म्हणून मागच्या रांगेतले लोक पुढे वाकून पाहू लागले. तिचा नवरा म्हणाला, "ऐकलंस? जा माहेरी, पुढच्या वर्षी डबा आपला!" त्यावर आणखी हसले. मी कागद हातात धरून उभा होतो. हसत नव्हत्या त्या एकट्या शिंपीणबाई. दुसऱ्या नंबरला हसू येत नाही, म्हणून त्यांना ऐकू नीट आलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, तुमच्या फॉर्मात माणसांचा रकाना कुठाय?"

"माणसांचा? माणसांचा कशाला हवा? विजेचा आहे, पाण्याचा आहे, कच..." आणि ते तिथेच थांबले. तोंड उघडंच राहिलं. मग हशा एकेका रांगेतून मागे मागे सरत गेला. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, की तराजू खोटा आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघं होतो. ही डिसेंबरात गेली, आता घरात मी एकटा आहे. बक्षीस दुसऱ्या मजल्याचं आहे. सभेत मी इतकं कधी बोललो नव्हतो.

नंतरची पंधरा मिनिटं तू पाहायला हवी होतीस. दिलेलं बक्षीस काढून घेणं वाईट दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. दोन पहिली बक्षिसं द्यावीत, असं कुणी म्हणालं, पण डबा एकच होता. मग मला उत्तेजनार्थ बक्षीस द्यावं अशी सूचना आली, आणि ती दोघा-तिघांना पसंतही पडली. उत्तेजन कशाला, ते कुणी सांगितलं नाही. शेवटी शिंपीणबाईच पुढे आल्या.

"वाईट दिसायचं ते दिसून झालं. तीन महिने अर्ध्या बादलीत आंघोळ केलीय मी. मला दया नको आणि यांनाही नको. द्या तो डबा इकडे. आणि पाटीवर नावाखाली 'शिवणकाम' लिहा."

"शिवणकाम नियमात बसत नाही, बाई."

"तुमच्या पाटीवर एवढा मोठा दात काढलाय, तो बसतो?"

बसला. म्हणजे शिवणकाम बसलं. रंगारी उद्या येणार आहे.

वर येताना त्या सवयीने जिन्यानेच निघाल्या, डबा पोटाशी धरून, आणि त्याचं झाकण घेऊन मी मागून. दुसऱ्या मजल्यावर आपल्या दारापाशी दम खायला थांबल्या. म्हणाल्या, "राग मानू नका. तुमच्याकडे संध्याकाळी कधी उजेडच दिसत नाही, मला वाटलं तुम्ही बहिणीकडे राहायला गेलात. पहिला नंबर तुमचा कळला तेव्हा म्हटलं, बघा, मी कुलूप लावलेल्या घराशी हरले." मी त्यांना झाकण दिलं आणि म्हणालो, नाही, घरीच असतो. त्या म्हणाल्या, असं होय. एवढंच बोलणं झालं.

तर असं आहे. बाकी ठीक. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. वर 'नको येऊस' लिहिलं आहे ते खोडत नाही, खाडाखोड केलेलं पत्र मला पाठवता येत नाही. पण ये. लिफ्ट चालू आहे, तिच्याबद्दल मी खोटं लिहिलं. महिनाभर तरी राहा. भावोजींना आण, ते समोर टीव्ही चालू ठेवून घोरतात अशी तुझी नेहमीची तक्रार असते, तर घोरू देत. आंघोळीला हवा तितका वेळ लाव. मी काही बोलणार नाही. बोललो तर हिच्यासारखं 'घर आहे की गोदाम?' असं मला तोंडावर विचार, म्हणजे बरं वाटेल.

आणखी एक. येताना टॉवेल आण, इथे एकच आहे. चादरी पुष्कळ आहेत.

टपालपेटी उद्या सकाळी उघडतात, पण पाकीट घरात राहिलं तर मी ते फोडून पुन्हा वाचीन आणि पाठवणार नाही. म्हणून आत्ताच टाकून येतो. खाली जातोच आहे तर कचऱ्याची पिशवीही नेतो. अर्धीच भरली आहे, पण नेतो.