पलंगाची आईकडची बाजू

क्राइस्टचर्च, २ मार्च

प्रिय बाबा,

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. आपली झोपायची गाडी रात्रीच्या मुक्कामाच्या नव्या नियमात बसेल म्हणाले होते, पण ती बसत नाही. संडास गाडीत पक्का बसवलेला हवा, एवढंच मी वाचलं होतं. पलंग अंथरलेला असतानाही तो वापरता आला पाहिजे, असंही त्यात आहे. आपला तर पलंगाखालीच आहे, आईच्या बाजूला.

मला तपासणीचं काम शिकवणाऱ्या ट्रिशला मी विचारलं, "गादी उचलून वापरला तर?" ती म्हणाली, "घाईची लागल्यावर आधी गादी गुंडाळत बसशील का गं?" सगळे हसले. मीही हसले.

गाडी तपासणीत पास झाल्याचं हिरवं स्टिकर मिळालं नाही तर जूननंतर नदीच्या मुखाशी रात्री गाडी लावता येणार नाही. आईची राख तिथल्या पाण्यात आहे. दुसरीकडे तुम्हाला झोप येत नाही, हे मला ठाऊक आहे.

फोनवर तुम्ही म्हणालात, "अर्धा पलंग कापू? मग ती कुठे झोपेल?" मी वाऱ्यापावसाचं बोलत राहिले. बाबा, त्याच पलंगावर आईने मला पाढे शिकवले. मला कळत नाही असं समजू नका.

गुडघा कसा आहे? नुसत्या टोस्ट आणि डब्यातल्या बीन्सवर राहू नका. माझं इथे बरं चाललंय.

तपासणीच्या कागदावर सही ट्रिश करेल, घरच्या गाडीसाठी मी करणार नाही. पण करवतीला तुम्ही हात लावू नका. ते मीच करेन. शनिवारी, चौदा मार्चला, सकाळी येते.

तुमची लेक,
ब्रॉनी