शेवग्यावर बसलेल्या माश्या

आई, महाडच्या घरामागे मी मधमाश्यांची पेटी ठेवली ते वर्ष आज दिवसभर डोक्यात आहे. मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. महाबळेश्वरला जाऊन माश्या पाळायचं शिक्षण घेतलं आणि परतताना ती पेटी मांडीवर घेऊन आंबेनळी घाटाची सगळी वळणं उतरले. कंडक्टरने विचारलं, "बाई, आत काय गुणगुणतंय?" मी म्हटलं, "रेडिओ." तो हसला, पण पोलादपूर येईपर्यंत माझ्या बाकाकडे फिरकला नाही. घरी तू मात्र हसली नाहीस. "माणसांना ऱ्हायला जागा नाय, नि ही माश्या आणते," एवढं बोलून भाकऱ्या थापायला बसलीस.

मला धीर म्हणून नव्हता. आठ दिवसांतून एकदाच पेटी उघडा, असं शिकवलं होतं. मी शाळेत जाताना उघडायची, आल्यावर पुन्हा उघडायची. चौकटी वर काढून राणीमाशी शोधायची. तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचीस. एकदा तिथूनच ओरडलीस, "भाताचं झाकण सारखं काढलंस तर भात शिजेल काय गो? त्यांना संसार करू दे की!" मी फटकन म्हणाले, "तुला यातलं काय कळतंय?" तू खिडकी लावून घेतलीस.

मग फाल्गुनातली ती सकाळ. मी चौथीच्या वर्गावर आहे आणि शिपाई सांगत येतो, बाई, तुमचा फोन. तू जन्मात कधी फोन लावला नव्हतास. एसटीडी बूथमधून सगळ्या नाक्याला ऐकू जाईल अशी ओरडतेयस, "गो, तुझ्या माश्या पेटी सोडून गेल्या!" "धावत येऊ नको. शेवग्यावर बसल्या होत्या. धरल्या मी."

तरी मी धावतच आले. तू अंगणात पाटावर बसलेली, गाल सुजलेला, एक डोळा मिटलेला, समोर शेणाने सारवलेली टोपली उपडी घातलेली आणि तिच्यात नुसती घूं घूं. शेजारच्या काकू दार बंद करून खिडकीतून सांगत होत्या, "डोक्यावर पदर घेतला नि चढली की गो स्टुलावर!" तेव्हा कळलं, माहेरी कुडपणला लहानपणी आजोबांबरोबर तू रानात जायचीस, ते पोळं शोधायचे, टोपली तू धरायचीस. "राणी काळोखात शिरली की बाकीच्या आपसूक चढतात," तू म्हणालीस.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू इचारलंस कुठं?"

ऊन उतरल्यावर दोघींनी मिळून त्यांना पेटीत घातलं. त्यानंतर तू म्हणशील तेव्हाच झाकण निघायचं. जांभूळ फुलून गेलं आणि वैशाखात पहिला मध निघाला. चुलीपुढेच बसून गरम भाकरीवर ओतून खाल्ला आपण. कोपरापर्यंत ओघळलेला मध तू चाटलास, मी हसले, मग तू मला हसलीस, आणि तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी उठेना. इतकं हसताना तुला मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पावसाच्या तोंडावर तालुक्याचे साहेब पेटी बघायला आले. "पळालेल्या माश्या धरल्या कुणी?" त्यांनी विचारलं. "मीच," मी म्हणाले. तू चहा घेऊन दारात उभी होतीस. कप खाली ठेवलेस आणि साहेबांना विचारलंस, "साखर कमी नाय ना?"

पुढे मी कितीतरी जणींना हे काम शिकवलं. टोपली कशी धरायची ते दाखवताना प्रत्येकीला हीच गोष्ट सांगितली. हे पत्र कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते: त्या गोष्टीत स्टुलावर अजूनही मीच चढते.