लाँड्रीतली रिकामी स्टुलं

प्रिय सूनबाई,

फोनवर तू आधी माझ्या गोळ्यांची चौकशी करतेस, मग लाँड्रीची, आणि मी तोंड उघडेपर्यंत "बाबा, वर्ग सुरू होतोय" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. घरी सगळं ठीक. तू त्या प्रशिक्षणाला गेल्यापासून आमचे चिरंजीव पायात दोन वेगवेगळे मोजे घालून कामावर जातात. तुझ्या सासूबाई त्यांना हसत नाहीत, कारण त्या जोड्या त्यांनीच लावलेल्या असतात.

लाँड्रीही बरी चालली आहे. तुझं ते रोलरचं मशीन हॉटेलच्या ओल्या चादरी गिळतं आणि कोरड्या, सपाट करून बाहेर ओकतं. ते आलं तेव्हा मी गप्प होतो, तुला वाटलं असेल म्हातारा रुसला. खरं तर मला एकच घोर होता, आता आपल्या जुन्या माणसांचं काय? दुसरीकडे काय होतं ते मी पाहिलंय. मशीन पुढच्या दाराने येतं आणि म्हातारी माणसं मागच्या दाराने जातात. तू मात्र एकालाही हलवलं नाहीस. जेवणाच्या सुट्टीत दार लोटून घेऊन, जुने विरलेले टॉवेल देऊन, एकेकाला मशीन शिकवलंस. घडीकाकाने त्यातले किती टॉवेल रोलरमध्ये अडकवले, ते तुम्हा दोघांनाच ठाऊक. बाहेर येऊन तू म्हणालीस, "काकांना जमतंय," आणि तो लग्नातल्या नवरदेवासारखा मान ताठ करून निघून गेला. दाराबाहेर मी होतो. माझे कान तुला माहीत आहेत. आत तू त्याला काय म्हणत होतीस तेही ऐकलं. "काका, मशीनला तुमची भीती वाटतेय, म्हणून ते अडकतंय." अशी थाप मला आयुष्यात सुचली नसती.

घडीकाका आणि मी म्हणजे काय, हे तू ऐकलं आहेस, तरी पुन्हा सांगतो. जिन्याखालची जागा, एक टेबल, एक कोळशाची इस्त्री. तो कपड्यांना इस्त्री करायचा, मी ते सायकलवरून पोचवायचो. चारचौघांत मला "मालक" म्हणतो, एकटे असलो की "गाढवा". आपल्या लाँड्रीत कुणी बसून काम करत नाही, ही शिस्त तिथलीच. लोकांना वाटतं, काय कडक माणूस! अगं, जिन्याखाली खुर्ची ठेवायला जागाच नव्हती. पुढे जागा झाली, तोवर उभं राहणं हा आमचा बाणा होऊन बसला होता. नवा माणूस जरा टेकला, की मी नुसता खाकरायचो.

अशा ठिकाणी तू स्टुलं आणलीस. सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली, गादी लावलेली, टेबलाच्या उंचीला बेतलेली. सगळ्यांनी कौतुक केलं, गादीला हात लावून पाहिला आणि उभे राहिले. मग त्या स्टुलांवर डबे बसले, पिशव्या बसल्या, कुणाची ओली छत्री बसली. एकदा तर उशांच्या अभ्र्यांची चळत ऐटीत बसली होती आणि बाजूला घडीकाका सुजलेल्या पायांनी उभा. तू जायच्या आदल्या दिवशी तो तुला म्हणाला, "पोरी, बसून इस्त्री करायची वेळ आली, तर मी घरीच बसेन. महिनाअखेर सोडतो." तू म्हणालीस, "मी येईपर्यंत तरी थांबा." मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आले की ही स्टुलं कुणाला तरी देऊन टाकते." तुझा आवाज मला फारसा आवडला नाही. तो हरलेल्या माणसाचा होता.

परवा सकाळी मी वाळत घातलेल्या चादरींच्या मागे उभा होतो. पलीकडे बटणं लावणाऱ्या मावशी घडीकाकाला झापत होत्या. "बसा की हो! स्टूल काय चावतंय का?"

"मालक उभा, आणि मी बसू? लाज आहे मला."

"मग आधी मालकाला बसवा."

"तो? तो मेल्यावरसुद्धा उभाच राहील."

मावशी हसल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "गुडघा बघितलात का त्यांचा? मशीनला धरून धरून चालतात. आपण समजायचं, मालक मशीन तपासतायत."

सूनबाई, मी वर्षभर ते मशीन तपासत होतो. मला वाटायचं, काय बेमालूम नाटक करतो मी! आणि अख्खी लाँड्री तिकीट न काढता बघत होती. पण गुडघ्यापेक्षा दुसरंच जास्त लागलं. तुझी स्टुलं रिकामी का, याचं उत्तर चादरीच्या अलीकडे उभं होतं. मी उभा, म्हणून तो उभा. तो उभा, म्हणून सगळे उभे. आणि याच हट्टापायी माझा सगळ्यात जुना सोबती महिनाअखेर घरी जाऊन भिंतींकडे बघत बसणार होता.

मी चादर बाजूला सारली आणि तडक जवळच्या स्टुलावर बसायला गेलो. कसलं बसणं! अर्ध्या वाटेवर गुडघ्याने असा काही इशारा दिला, की मी तसाच वाकून थांबलो, वाकलेल्या हँगरसारखा. हसायची कुणाची छाती होईना. मावशींनी कोपऱ्यातल्या स्टुलावरचा स्वतःचा डबा उचलला, पदराने गादी पुसली आणि स्टूल माझ्यापुढे आणून ठेवलं. "हे घ्या. हे जरा उंच आहे. सूनबाईंनी सुताराला वेगळं सांगितलं होतं, बाबांचे पाय लांब आहेत म्हणून. आम्हाला बजावलं होतं, कुणी बोलायचं नाही, स्वतःहून बसले तर बसू दे." मी बसलो. पाय बरोबर जमिनीला टेकले. कितीतरी वेळ मला वर बघवेना.

काहीतरी करायचं म्हणून एक शर्ट ओढला आणि इस्त्री फिरवायला लागलो. बसून कोपर कसं ठेवायचं तेच कळेना. कॉलरला अशी चुणी पडली, की गिऱ्हाइकाने शर्ट माझ्या डोक्यात घातला असता. घडीकाका लांबून बघत होता. थोडा वेळ त्याने सहन केलं. मग आला, "गाढवा, वाट लावलीस शर्टाची," सगळ्यांदेखत, पहिल्यांदाच! आणि दुसरं स्टूल पायाने ओढून बसला, नुसतं दाखवायला म्हणून. पण बसून त्यालाही कुठे जमत होतं? त्याचीही कॉलर वाकडी. मग आम्ही दोघं म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांच्या कॉलरींना नावं ठेवत बसलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो उठायचं विसरला. दुपारी बघतो तर चार स्टुलांवर चार माणसं. काल जाताना तो म्हणाला, "पायाला जरा बरं वाटतंय. पोरीला कळव, मी कुठे जात नाही." हे कळवायला त्याने मला दोनदा बजावलंय. स्टुलं कुणालाही द्यायची नाहीत, हे माझं मी सांगतो.

तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. मी माणसं सांभाळली ती आवाज चढवून. तू या घरात आलीस आणि एका माणसाचे पाय लांब आहेत हे सुताराच्या कानात सांगून मोकळी झालीस. मला माझ्या वेळेने बसू दिलंस. त्यात माझी मान कुठे खाली गेली नाही.

आता पत्राचं खरं कारण. बाजारात जातो सांगून मी डॉक्टरकडे जाऊन आलो. उजवा गुडघा बदलावा लागणार. घरात अजून बोललेलो नाही. चिरंजीव घाबरतील, तुझ्या सासूबाई आधी रडतील आणि मग मला फाडून खातील. डॉक्टरांनी विचारलं, "नंतर काम बंद का?" मी म्हटलं, मालकीणबाईंना विचारून सांगतो. तेव्हा विचारतो आहे. एक जुना माणूस आहे, अर्धा दिवस बसून शर्टांना इस्त्री करेल. तोंड जरा सुटलेलं आहे, पण सांगितलेलं ऐकायला शिकतो आहे. त्याच्यासाठी काही काम निघेल का? दया म्हणून हो म्हणू नकोस, कॉलर बघून ठरव. ऑपरेशनची तारीख मी तू परत आल्यानंतरची मागितली आहे. आत नेताना म्हणे चष्मा काढून घरच्या माणसाकडे द्यावा लागतो. तो मला तुझ्या हातात द्यायचा आहे.

तुझाच,
बाबा