लुबवामाच्या सिनेमात झोप कुठे लागली

प्रिय नांबोझे,

लुबवामाची माणसं मागणी घालायला आपल्या घरी यायची, त्या क्वांजुलाची तारीख कधी देतेस, असं तू तीनदा फोनवर विचारलंस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. तिसरीपर्यंतच शिकले आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझ्या लुबवामाला जावई करायचं की नाही, हे माझं ठरत नव्हतं.

त्याच्या नव्या सिनेमावर तू कंपालाच्या पेपरात लिहिलंस, ते मास्तरांनी मला इंग्रजीतून आपल्या भाषेत सांगितलं. 'काळजाला हात घालणारा' वगैरे. मी ते खडूनं फळ्यावर लिहिलं, खाली तुझं नाव घातलं आणि शनिवारी दुपारी आपल्या व्हिडिओघरात सिनेमा लावला. अर्ध्या तासात सालोंगो म्हातारा घोरायला लागला. नायिका विहिरीवर रडायला बसली ती उठेचना. नालुबेगा ओरडली, "अगं बाई, एवढ्यात माझं केळ्यांचं मातोके शिजलं असतं." मग लोक किगुंडूच्या मागे लागले, की तू समजावून सांग. तो माइकवरून इंग्रजी सिनेमे आपल्या भाषेत सांगतो, आणि हा तर आपल्याच भाषेतला. तरी त्यानं माइक उचलला. म्हणाला, "मंडळी, बाई अजून रडतायत. उठल्या की कळवतो." बाकं हसून हलली. बाहेर पडताना नालुबेगानं मला विचारलं, "तुझ्या लेकीनं हाच सिनेमा पाहिला का?" मी फळा पुसला.

शेवटच्या बाकावर टोपीवाला एकजण वहीत लिहीत होता. फोटोवरून ओळखलं, लुबवामाच. होणाऱ्या जावयानं सासूसमोर यायचं नसतं, म्हणून मी तिकिटाच्या खिडकीआड झाले. तो सालोंगोपाशी उकिडवा बसला आणि विचारलं, "आजोबा, झोप नेमकी कुठे लागली?" म्हातारा म्हणाला, "विहिरीपाशी." नालुबेगा म्हणाली, "बुजवून टाक ती विहीर." त्यानं तेही लिहून घेतलं. किगुंडूनं विचारलं, एवढ्या लांब कशाला आलास? तर म्हणाला, "तिकडे नांबोझेला माझं सगळंच आवडतं. मग शिकू कुणाकडून?"

हल्ली मास्तर फोनवर दाखवतात, निम्मे लोक प्रत्येक सिनेमाला थोर म्हणतात, निम्मे भिकार. पाहिला कुणी, देव जाणे. तुझं काम मला एवढंच कळतं, की हातातलं काम टाकून बाकावर बसणाऱ्या बाईला सांगायचं, बस किंवा बसू नकोस, आणि का ते. आणि करणाऱ्याला सांगायचं, माणसं कुठे कंटाळली. कुठे हेलावली, तेही. त्या सिनेमात बापलेक केळीच्या बागेत न बोलता पानं तोडतात, तेव्हा शेंगदाणे खाणारे हातसुद्धा थांबले होते. ते तू लिहिलंच नाहीस. गोड लिहायच्या घाईत चांगलं होतं तेही सुटलं तुझ्या हातून.

पोरगा मला पसंत आहे. क्वांजुलात आपल्या बाजूनं किगुंडूच बोलेल. त्याची टिंगल ऐकून जो वही काढतो, तो सासुरवाडीची थट्टाही सोसेल. तारीख अडली आहे ती तुझ्यामुळे. त्या सिनेमावर पुन्हा लिही. तो तुझा होणारा नवरा आहे हे पहिल्याच ओळीत सांग, मग खरं काय ते सांग. मास्तरांनी ते मला वाचून दाखवलं, की त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी त्याच्या माणसांना येऊ दे. शिकायला इतक्या लांब येणाऱ्या माणसाला नुसती वाहवा करणारी बायको द्यायची मला लाज वाटते.

तुझीच, तोंडाची फटकळ,
आई