कनवटीतले सेल

सर,

तुम्ही चुकला होतात. एवढं एक वाक्य लिहायला मला बेचाळीस वर्षं लागली, आणि त्यातली शेवटची एकोणीस वर्षं तर तुम्ही या जगातही नव्हता. येत्या रविवारी शाळेच्या नव्या सभागृहाला तुमचं नाव देणार आहेत. तसबिरीचं अनावरण आहे आणि प्रमुख वक्ती मी. मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, "मॅडम, सरांनी तुम्हाला विज्ञाननिष्ठ कसं घडवलं त्यावर बोला. आणि आईंना नक्की आणा, पहिल्या रांगेत बसवू." मी हो म्हणून टाकलं. माझी आई त्या शाळेच्या फाटकातून शेवटची बाहेर पडली तेव्हा मी आठवीत होते. त्यानंतर ती आत गेलेली नाही. दहावीचा निकाल आणायला बाप आला, सत्काराला चुलता आला, गावात मतदान त्याच शाळेत असतं तर ती मतदानालाही जात नाही. का जात नाही, ते तुम्हाला माहीत होतं की नाही, हे मला कधीच कळलं नाही. आज मी ते तुम्हाला सांगणार आहे, आणि तुम्ही मला शिकवलेल्या आवाजात सांगणार आहे.

हा राग एवढ्या वर्षांनी का उसळला, त्याचं कारण ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर चढवाल. गेल्या वर्षी हिंजवडीतल्या एका कंपनीत माझं भाषण होतं. प्रश्न विचारण्याचं धाडस, असा काहीतरी विषय त्यांनीच दिलेला. शाल आणि नारळ देण्याऐवजी तिथल्या पोरापोरींनी माझ्या हातात एक खोकं ठेवलं. आत रिमोटवर चालणारा, विजेचा ट्रक निघाला. हातभर लांब, मुठीएवढे टायर, चारही चाकांना स्प्रिंगा. मला वाटलं, नातवंडं असतील असं समजून दिला असेल. घरी येऊन अंगणात सहज फिरवला आणि जेवायची वेळ निघून गेली. तेव्हापासून दर रविवारी उजाडता उजाडता मी कासार आंबोलीच्या मागच्या माळावर असते. तिथे कंपनीतली चार-पाच जणंही आपापले ट्रक घेऊन येतात. तिथल्या सुट्टीच्या बंगल्यांच्या मालकांच्या गाड्या पुण्याहून यायच्या आत आमचे ट्रक दगडांवरून उड्या मारून दमलेले असतात. पंचावन्न वर्षांची, सुती साडीतली, अर्ध्या महाराष्ट्राला समतेवर व्याख्यानं देणारी बाई खेळण्याच्या मागे धावते याला लोक हसतात. हसू देत. त्या हसण्यात विष नसतं, ते मला ओळखता येतं. विषारी हसणं कसं असतं ते मी तुमच्याच आवारात ऐकलंय.

यंदा पौषात थंडी अशी पडली की विचारू नका. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण त्या रविवारी माळावरचं दव गवतावर पांढरं होऊन बसलं होतं आणि पायाखाली चुरचुरत होतं. बोटं इतकी बधिर की रिमोटचा खटका दाबलाय की नाही ते बघावं लागत होतं. पहिल्याच उडीला पुढच्या चाकाचा प्लास्टिकचा दांडा काडीसारखा तुटला. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं. तो बदलला, तर ट्रक चार-सहा फेऱ्या रांगला आणि उभाच राहिला. रात्री पूर्ण चार्ज केलेली बॅटरी होती. मी ती काढून आपटणार तेवढ्यात आमच्यातली एक मुलगी आली. हिंजवडीजवळ जांबेला खोली घेऊन राहते, दिवसभर कॉम्प्युटरपुढे असते.

"मॅडम, बॅटरी रात्रभर कारमध्येच होती का?"

"हो. का गं?"

"मग बरोबर. संपलेली नाहीये ती, गारठलीय. थंडीत आतली रिअ‍ॅक्शन स्लो होते, व्होल्टेज पडतं. ट्रकला वाटतं बॅटरी खलास, की तो स्वतःच बंद पडतो." तिने जॅकेटची चेन खाली ओढली आणि आतल्या खिशातून दोन बॅटऱ्या काढल्या. "मी अशा अंगाशी धरून आणते. रूमपासून इथपर्यंत."

"आमची खुडूक कोंबडी," तिचा मित्र म्हणाला. "बसली की उठतच नाही."

"हस, हस. तुझा ट्रक बघ आधी, म्हातारा झालाय," ती म्हणाली, आणि सगळे हसले, तीही हसली. मी मात्र त्या गारठ्यात उभ्या उभ्या पेटले, सर. ती ऊबदार बॅटरी तिने माझ्या हातात दिली आणि मला माझ्या आईची कनवटी आठवली.

आता तुम्ही ऐका. आमचं घर मेंढरांचं. थंडीत मेंढरं वावरात, जाळीच्या वाघरीत बसवलेली असत आणि तरस येई, लांडगा येई. आईच्या हाती काठी आणि दोन सेलांची विजेरी. पौषाच्या थंडीत विजेरीचा उजेड पिवळा पडत पडत काजव्याएवढा होई. मग आई सेल काढून लुगड्याच्या कनवटीला, पोटाशी लावून ठेवी. तासाभराने परत घातले की उजेड यायचा. पूर्वीसारखा नाही, पण लांडग्याचे डोळे दिसतील एवढा. नवे सेल आणायला पौडला जावं लागे, म्हणून ती एकेका जोडीला अशी दोनदोन आठवडे जगवायची. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. बंद पडलेली वस्तू तिने हातात धरून पाहिली, गार लागली, म्हणून ऊब देऊन पाहिली, आणि फरक पडतो हे बघून ठेवलं. तुमच्या फळ्यावर तुम्ही निरीक्षण, प्रयोग, अनुमान असे तीन शब्द लिहून खाली रेघ मारायचात. तिने यातलं काय करायचं बाकी ठेवलं होतं?

विज्ञान प्रदर्शनाचा दिवस. माझ्या फॉर्मवर अंगठा द्यायला आई वावरातून तशीच आलेली, पायाला माती, डोईवर पदर. तुम्ही व्हरांड्यात टेबलामागे उभे होतात आणि समोर सगळी शाळा. तुम्ही तिला हाक मारलीत. "या बाई, पुढे या. तुम्ही म्हणे सेल उबवता?" आई आधी हसली. तिला वाटलं तुम्हाला खरंच जाणून घ्यायचंय. म्हणाली, "व्हय गुरुजी. गार पडले की मरगळत्यात. उबीला ठेवलं की उटत्यात." तुम्ही मुलांकडे वळलात. "बघा! सेल उबवतात या. किती पिल्लं निघाली, बाई?" आणि आख्खी शाळा फुटली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. आई तशीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "करून बघा की, गुरुजी." तुम्ही काय म्हणालात ते मी शब्दशः सांगते. तुम्ही म्हणालात, "त्यात करून बघण्यासारखं काय आहे? आतली रसायनं संपली की सेल संपला. याला अंधश्रद्धा म्हणतात."

त्यात करून बघण्यासारखं काय आहे! हे विज्ञानाचा मास्तर म्हणाला. टेबलावर विजेरी होती, बल्ब होता, सेल होते, तारा होत्या, माळरानावरची थंडी फुकट होती. पाच मिनिटांचा प्रयोग होता, सर. तो तुम्ही केला नाहीत, कारण सांगणारी बाई अंगठा लावायला आली होती. तीच गोष्ट पुण्याहून आलेल्या एखाद्या साहेबाने सांगितली असती तर तुम्ही वहीत टिपून घेतली असती. मी पुढे खूप वाचलं, तुम्ही वाचायला लावलंत म्हणून वाचलं. थंडीने सेलच्या आतली क्रिया मंदावते, सेल संपल्यासारखा वाटतो, ऊब दिली की उरलेलं बळ देतो, हे साध्या पुस्तकात आहे. तुमच्या कपाटातही तसलं पुस्तक असणार. तुम्ही गंडेदोरे तोडलेत, अंगात येणाऱ्यांना प्रश्न विचारलेत, त्यासाठी मी तुम्हाला आजही मानते. पण तुमचा विवेक चावडीवरच्या माणसासारखा वागला. समोर कोण उभं आहे ते बघून त्याने निकाल दिला. आज जांबेची इंजिनियर खिशात बॅटरी धरते ती हुशारी, आणि धनगराची बाई कनवटीला धरते ती अंधश्रद्धा? मी शेकडो सभांतून अंधश्रद्धेवर बोलले. टाळ्या घेतल्या. आणि माझ्या पहिल्या टाळ्या कशावर मिळाल्या? तुम्ही लिहून दिलेल्या त्या भाषणावर. पौडला तालुक्याच्या स्पर्धेत मी ठणकावून म्हणाले होते, "माझी स्वतःची आई मेलेले सेल उबवते!" पहिला नंबर आला. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि स्वतःचा शब्दकोश मला देऊन टाकलात. बाप माझी शाळा सोडवायला निघाला होता तेव्हा तुम्हीच डोंगर चढून आमच्या धनगरवाड्यावर आलात, हेही मी विसरलेले नाही. ते विसरता आलं असतं तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं.

माळावरून घरी आले ती तावातच. आई आता माझ्याकडेच असते. मी तिला म्हटलं, "आये, आज रात्री एक बॅटरी मी गच्चीवर ठेवणार आणि एक तुझ्या घोंगडीत." ती म्हणाली, "ठेव. पर ती फुटायची न्हाई न्हवं?" मी म्हटलं, "चुलीजवळ ठेवली तर पेटेल. अंगाच्या उबेला काही होत नाही." "मी कंदी चुलीजवळ ठिवलं न्हाई," ती ताठ्यात म्हणाली.

सकाळी अंगणात दोन विटा ठेवून फेरी आखली. आई पायरीवर घोंगडी पांघरून बसलेली, मोजतेय. गच्चीवरची बॅटरी नऊ फेऱ्यांत थांबली. घोंगडीतली तेरा. मग मी ती नऊवाली आईच्या हातात दिली. तिने काही न विचारता कनवटीला लावली आणि चहा प्यायली, शेजारणीशी कांद्यावरून भांडली, परत आली. घातली. ट्रक आणखी तीन फेऱ्या पळाला. "उटली," आई म्हणाली. एवढंच. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "आये, गुरुजी चुकले होते!"

"मला ठावं हाय. मी तवाच सांगितलं व्हतं."

"रविवारी शाळेत चल. मी व्यासपीठावरून सांगणार आहे. सगळ्यांसमोर तुझी चेष्टा केली ते सांगणार, त्यांच्या तसबिरीपुढे सांगणार."

आईने बॅटरी पदराने पुसली. "सांग की. आन गुरुजीला सेलाचं कुणी सांगितलं व्हतं, त्ये बी सांगशील?"

मी अंगणातून ट्रक उचलला आणि उगाच त्याची चाकं पुसायला लागले.

तुम्हाला तर ठाऊकच आहे, सर. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही वर्गात एकटे बसला होतात, आणि तुम्हाला हसवावं, तुमच्या नजरेत भरावं म्हणून मीच आले होते. मीच म्हणाले होते, आमची आई सेल उबवते, पिल्लं निघायची वाट बघते. पिल्लांचं वाक्य माझं. तुम्ही ते उचललंत, एवढंच.

"तुला ठाऊक होतं?" मी आईला विचारलं.

"आपल्या वाघरीतलं गुरुजीला सपनात दिसलं व्हतं का? आन मी गुरुजीला भिऊन न्हाई शाळा सोडली. पोरं हसली, हसूंदे. पर तू पयली हसलीस. सगळ्यांच्या आदी. म्हटलं, पोरीला आपली लाज वाटतीया, तर कशाला जायाचं तिच्या मागं मागं."

बेचाळीस वर्षं. आणि हे ती कांदे निवडायच्या आवाजात बोलली. मी तिचे पाय धरायला गेले तर म्हणाली, "ऊठ, गुडघं दुखतील. रविवारी येते का न्हाई ते मागनं बघू. काय बोलणार हायेस त्ये आदी हितं बोल, मला ऐकूंदे."

मग मी स्वयंपाकघरात उभी राहिले. तुमच्या चुकीचा भाग मी असा म्हटला, सर, की ताटं वाजली असतील. टेबल, बल्ब, तारा, करून बघण्यासारखं काय आहे, सगळं. आई मान हलवत ऐकत होती. तुमच्यावरचा राग खरा आहे आणि रविवारी मी तो गिळणार नाही. मोठा माणूस तुम्ही होतात, मी तेरा वर्षांची होते. पण तो भाग संपला आणि आई तशीच बघत राहिली, पुढचं ऐकायला.

आज गुरुवार. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते तसबिरीमागेही खोचायचं नाही. पुढचा भाग, माझ्या हसण्याचा, तोंडाने येत नाही म्हणून तो आधी हाताने लिहून पाहिला. त्या वेळी स्वयंपाकघरात मी आईला म्हणाले, थांब, दूध उतू जाईल, आणि पाठ फिरवून ओट्याकडे गेले. सर, गॅस मी पेटवलेलाच नव्हता.