ड्रायव्हरच्या मागची सीट

ओफाकिम, इस्राएल
जानेवारी १९६४

तीर्थस्वरूप शौलदादा यांच्या सेवेशी,
धाकटा मेहुणा रुबी झिराडकर याचा ओफाकिमहून शालोम. वहिनींना नमस्कार, मुलांना पापे.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा थंडीत उचल खातो, त्यांना जपा. (तुमच्या उमरखाडीच्या थंडीला थंडी म्हणायची असेल तर.) आमच्याकडे सर्व खुशाल आहे. खुशाल हा शब्द हाताच्या सवयीने उमटला; खरं पाहता मी दोन रजया पांघरून, पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून, पोळपाट मांडीवर घेऊन हे लिहितो आहे, आणि मधून मधून शिंकतो आहे. जिथे शाई फुटलेली दिसेल तिथे शिंक समजावी. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला कामावर जाऊ नको म्हणून सांगितलं आहे. तुमची बहीण मलका मात्र ठणठणीत आहे. गाल लाल झाले आहेत, हिब्रू फाडफाड बोलते, हसते तर इतकी हसते की बसच्या शेवटच्या सीटपर्यंत ऐकू येतं. तिच्या ह्या हसण्याबद्दलच मला तुम्हाला लिहायचं आहे. तुम्ही तिचे थोरले भाऊ. माझ्या पडत्या काळात दोन कडक ओळी तिला लिहिणं हे तुमचं कर्तव्य आहे की नाही, ते सगळं वाचून तुम्हीच ठरवा.

आम्हाला इथे येऊन वर्ष झालं. आलो तेव्हा घरं वाटून देणाऱ्या ऑफिसातल्या एका गृहस्थाने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगितलं की ओफाकिम हे बेर्शेब्याच्या अगदी जवळ, आणि समुद्रही काही लांब नाही. त्यात त्याचं खोटं काही नव्हतं. त्याचं बोटच इतकं जाड होतं की ओफाकिम, बेर्शेबा आणि समुद्र तिन्ही त्याच्या खाली मावले. शिवाय नेगेव म्हणजे वाळवंट, असं ऐकल्यामुळे मी सगळे गरम कपडे मुंबईत वाटून आलो. (माझा करडा कोट तुमच्याकडे आहे. मागच्या फोटोत तुमच्या अंगावर पाहिला. तुम्हाला खांद्यात घट्ट होतो, मला अगदी बेताचा बसायचा. असो, सुखाने वापरा.) इथला हिवाळा आपल्याला ठाऊक असलेल्या कोणत्याच गोष्टीसारखा नाही. दिवसा ऊन दिसतं पण लागत नाही. पहाटे वारा असा सुटतो की कान आहेत की गळून पडले ते हात लावून पाहावं लागतं. पाऊस क्वचित, पण पडला की सगळ्या गावाची माती बुटांना चिकटते आणि माणूस घरून निघतो त्यापेक्षा बसस्टॉपवर उंच होऊन पोचतो.

आम्ही दोघंही बेर्शेब्याला कामाला जातो. मलका तिथल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आणि मी फरश्यांच्या कारखान्यात. (मुंबईच्या गोदीत मी टॅली क्लार्क होतो. कानावर पेन्सिल अडकवून बोटीवरून उतरणारा माल मोजायचो. आता तोच माल स्वतः उचलतो. पण ते दुःख वेगळं, ह्या पत्रात नको.) दोघांची बस एकच, पहाटेची. ह्या बसमध्ये ऊब फक्त एका जागी येते, ती म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. तिथे खाली एक जाळी आहे, त्यातून इंजिनाची गरम हवा येते. बाकी सगळी बस म्हणजे बर्फाचा कारखाना, आणि मी जिथे बसतो तिथली खिडकी तर बंदच होत नाही. मी तिच्या फटीत जुनी वर्तमानपत्रं कोंबतो. हिब्रू वर्तमानपत्राचा मला वर्षभरात झालेला उपयोग एवढाच.

आता ड्रायव्हर. त्याचं नाव दोव. मूळचा रुमानियाचा, बायको वारलेली, मनगटं माझ्या पोटऱ्यांएवढी. पहिल्या आठवड्यात त्याने तुमच्या बहिणीला नाव विचारलं. तिने सांगितलं मलका. तर हा स्टिअरिंग सोडून उभा राहिला आणि त्याने कमरेत वाकून सलाम केला. कारण हिब्रूत मलका म्हणजे राणी! आपल्याला हे लहानपणापासून प्रार्थनेतून ठाऊक आहे, पण दादा, उमरखाडीत कधी कोणी ते मनावर घेतलं होतं का? तिथे ती मलका होती आणि नळावर तिचा नंबर सगळ्यांसारखाच लागायचा. इथे मात्र रोज पहाटे, "बोकर तोव, मलका!" म्हणजे सुप्रभात, राणी! आणि मग हा गृहस्थ मागच्या सीटवर ठेवलेली आपली पिशवी उचलतो आणि तुमची बहीण त्या गरम जाळीवर पाय ठेवून बसते. एकदा मी आधी चढून तिथे बसायला गेलो, तर मला म्हणाला, "तफूस." म्हणजे जागा धरलेली आहे. मी नुसता शब्द शिकून मागे गेलो.

तिथून पुढे तासभर त्यांच्या गप्पा. मला हिब्रू येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. क्लासला मीही गेलो होतो, पण मला शब्द पाठ होईपर्यंत समोरचा माणूस विषय बदलून निघून गेलेला असतो. मलका मात्र चुकीचं का होईना, बोलत सुटते. मी मागून फक्त दोन डोकी बघायचो, पुढेमागे हलणारी, आणि त्या हसण्यातून एक शब्द सारखा कानावर यायचा, "मत्सखीक." मलका हसत हसत म्हणायची, "हू मत्सखीक!" मी तो शब्द तोंडात धरून घरी आणला आणि आमच्या डिनाला विचारला. (तुमची भाची आता मराठीत विचारलं तर हिब्रूत उत्तर देते, पण अर्थ तेवढा मराठीत सांगते.) ती म्हणाली, "तो फार गमतीदार आहे, असा अर्थ."

तो! फार गमतीदार! दादा, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. उंच आहे म्हणाली असती तर मी समजू शकलो असतो, तो आहेच. पण गमतीदार? मी त्या माणसाचं तोंड आरशातून रोज बघतो, त्यात गंमत कुठे आहे ती मला सापडली नाही. मी मग डोक्याला तेल चोपडून भांग पाडू लागलो आणि टाय लावून फरश्या उचलायला जाऊ लागलो. आमचा मुकादम उझी, त्याने हातवारे करून विचारलं की घरात लग्न आहे की कोणी गेलं? तुमच्या बहिणीने टायबद्दल अवाक्षर काढलं नाही.

अशी सगळी तयारी असताना मागच्या आठवड्यात तो पाऊस झाला. वाटेत एक ओढा आहे. (इथे ओढ्याला वादी म्हणतात. नारळी-पोफळीची वाडी डोळ्यांसमोर आणू नका. वर्षभर नुसते दगड असतात, डाव्या बाजूला एक गाढव.) त्या पहाटे तिथे गाढव नव्हतं आणि रस्ताही नव्हता. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गढूळ पाणी धावत होतं. दोवने बस थांबवली, खाली उतरून पाहिलं आणि सांगितलं की पाणी ओसरेपर्यंत थांबू या. लोकांनी लगेच सूर्यफुलाच्या बिया सोलायला घेतल्या. मलका काहीतरी म्हणाली, दोव हसला, आजूबाजूचे चारजण हसले, आणि पुन्हा माझ्या कानावर आलं, "हू मत्सखीक!"

माझं डोकं फिरलं. मी उठलो, सगळ्यांच्या गुडघ्यांना ठेचकाळत पुढे आलो आणि मराठीत मोठ्याने म्हणालो, "एवढ्याशा ओढ्याला घाबरता? आम्ही चौलच्या खाडीची माणसं! मी पलीकडे जाऊन दाखवतो, मग आणा बस माझ्या मागून!" बसमध्ये हे फक्त एकीला समजलं. ती ओरडली, "अहो, वेड लागलंय का? तुम्हाला पोहता येत नाही!" हे खरं आहे, पण ते चारचौघांत सांगायला नको होतं. मी तसाच उतरलो आणि पाण्यात शिरलो.

पाण्याला किती जोर असतो हे गोदीत उभं राहून कळत नाही. चार पावलं गेलो नाही तोच पायांखालचे दगड सरकले, एक बूट निघून गेला, आणि मी उताणा पडून वाहू लागलो. मला आकाश दिसत होतं, टाय तोंडावर आला होता, आणि मी जे ओरडत होतो ती मरताना म्हणायची शेमाची प्रार्थना होती. एका काटेरी झुडपाला माझी बाही अडकली. तेवढ्यात दोव बुटांसकट पाण्यात उतरून माझ्याकडे येताना दिसला. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत होता आणि मला तो कळत नव्हता. मला वाटलं, काही शेवटचं सांगतो आहे. मग काठावरून तुमच्या बहिणीचा आवाज आला, रडवेला, पण खणखणीत. "अहो, उभे राहा! ते म्हणताहेत उभे राहा!"

मी उभा राहिलो. पाणी गुडघ्याच्या जरासं वर होतं.

दोवने मला मानगुटीला धरून काठावर आणलं. कोणी हसलं नाही, एवढं मात्र खरं. मला त्या ड्रायव्हरमागच्या सीटवर बसवलं, दोवने स्वतःचा मेंढीच्या कातड्याचा कोट माझ्या अंगावर टाकला. मलका स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून माझं डोकं पुसत होती. ती एक शब्द बोलत नव्हती. दादा, ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते. मग दोवने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तिला काहीतरी विचारलं. त्यात तो शब्द होता. मी मराठीत म्हणालो, "आता तरी सांग, काय म्हणतोय हा गमतीदार माणूस?"

"ते विचारताहेत," मलका म्हणाली, "तो गमतीदार माणूस हाच का?"

मला कळेना. मग दोवच हात हलवत सांगू लागला आणि ती मला मराठीत सांगत गेली. मुंबईत एक टॅली क्लार्क होता. ऑफिसात एका साहेबाचा निरोपसमारंभ होता, तर ह्याने डोळ्यांत पाणी आणून भाषण केलं ते दुसऱ्याच साहेबावर, आणि तो दुसरा साहेब इतका गहिवरला की पुढच्या महिन्यात त्याने खरंच राजीनामा दिला. ह्याच क्लार्कने शेजारच्या योएलच्या पोपटाला "घरी कोणी नाही" असं शिकवलं, आणि योएलकडे आलेले व्याही जिन्यावरूनच परत गेले. दोव सांगत होता आणि मागच्या सीटवरच्या बायका पुढचं वाक्य आधीच म्हणत होत्या. सगळ्या बसला मी पाठ होतो. वर्षभर मागे खिडकीत वर्तमानपत्र कोंबणारा हा मुका माणूस तोच आहे, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

"मग माझा नवरा मागे बसलाय, असं कधी सांगितलं नाहीस ते?" मी विचारलं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्यांना पटलं नाही." मग खाली बघून म्हणाली, "तुम्ही इथे आल्यापासून बोलतच नाही. घरी नाही, बाहेर नाही. मला तुमची आठवण येते. घरात कोणाला सांगणार? म्हणून ह्यांना सांगते."

मी पाय त्या जाळीवर ठेवले. पाणी ओसरायला बराच वेळ लागला आणि त्या जाळीतून खरोखरच फार चांगली ऊब येते. दोव ओल्या कपड्यांनी कुडकुडत बस चालवत होता. त्याला अजून शिंकसुद्धा आली नाही असं कळतं, आणि ह्याचाही मला राग येतो.

तर असं आमचं वर्ष गेलं. काल दोव माझी चौकशी करायला घरी आला होता, संत्री घेऊन. मी त्याला आता मराठी शिकवायला घेतली आहे. पहिला धडा म्हणून, आपल्याकडे बाईला मानाने कशी हाक मारतात ते शिकवलं. आज पहाटे मलकाला सोडायला डिना बसस्टॉपवर गेली होती, तिने सांगितलं की त्याने वाकून सलाम केला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "बोकर तोव, मलकाताई!" मलका घरी आली की काय म्हणते ते पाहायचं.

वडीलमंडळींना शालोम सांगावा, तुम्हा सर्वांना परमेश्वर सुखी ठेवो.

तुमचा एका बुटाने कमी झालेला,
रुबी

ता. क. : मलकाला कडक ओळी लिहायचं वर म्हटलं आहे ते रद्द समजावं. मऊसुद्धा लिहू नका. हे पत्र मिळालं असं उत्तरात म्हणू नका. लिहायचं तर माझ्या कारखान्याच्या पत्त्यावर.

आणखी एक : कोणी इकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर कोकम धाडावं. आणि कोट घट्टच होत असेल तर तोही.

शेवटचं, आणि खरं म्हणजे ह्यासाठीच पत्र लिहायला बसलो : बसमध्ये दोवने एक तिसरीही गोष्ट सांगितली, ती मी वर लिहिली नाही. रेवसच्या धक्क्याला लाँच लागते. एक तरुण हातात चिकाच्या हलव्याची परात घेऊन "लेडीज फर्स्ट" म्हणत एका मुलीला वाट देण्यासाठी मागे सरकतो तो थेट समुद्रात. सगळा पाण्याखाली, परात तेवढी वर. मग एका हाताने पोहत येऊन तो परात त्या मुलीच्या हातात देतो, आणि हलव्याला पाण्याचा थेंब लागलेला नसतो. बस सगळ्यात जास्त ह्या गोष्टीला हसली. मीही मान हलवून हसलो. दादा, मी रेवसला हलवा घेऊन कधी गेलो नाही. पोहण्याचं तर तुम्ही वर वाचलंच आहे. आणि ही गोष्ट मला मराठीत सांगताना तुमची बहीण खिडकीबाहेर बघत होती.

तो कोण होता? तुम्हाला माहीत असणारच, तुम्ही नेहमी तिच्याबरोबर असायचात. त्याचं नाव कळवावं, आणि तो अजून मुंबईतच आहे की इकडे आला आहे तेही. इकडे आला असल्यास कोणत्या गावी राहतो, आणि कामाला कोणत्या बसने जातो?