कुकरचा नंबर

बाबा, आपल्या हळद शिजवायच्या कुकरची वेबसाइट करायचं काढलं आहे, आणि त्यापायी मला तुमच्यावर संशय यायला लागला आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. तुमच्याकडे बटणांचा फोन होता आणि वाफेनं तो बिघडेल म्हणून तुम्ही तो ट्रॅक्टरच्या सीटखाली फडक्यात गुंडाळून ठेवायचात, त्यामुळे वेबसाइट म्हणजे काय ते तुम्हाला सांगावं लागेल. फोनवर उघडणारं आपल्या धंद्याचं पान, असं समजा. आपल्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या माणसानं शोधलं काय किंवा आखाडा बाळापूरच्या, ट्रॅक्टरमागे शेतोशेती फिरणारा आपला कुकर त्याला दिसला पाहिजे. तुमच्यानंतर कुकर काका चालवतात, त्यांना एवढंच हवं होतं. घरात पदवी घेतलेली मी पहिली, तीही कॉम्प्युटरची, म्हणून काम माझ्याकडे आलं. काका म्हणाले, "एवढी शिकली, तर आता घरच्यासाठी बी काही कर. कुकरचा फोटो टाक, माझ्या भावाचा फोटो टाक, फोन टाक. झालं."

हिंगोलीला डेपोच्या मागे, मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या खोलीत माझ्या कॉलेजचा एक मुलगा वेबसाइट करून देतो. माझ्या एक वर्ष पुढे होता. त्यानं मला दोन प्रकार सांगितले. स्टॅटिक म्हणजे एकदा लिहिलं ते लिहिलं, सगळ्यांना तेच पान दिसणार, बदल करायचा तर त्याच्याकडूनच करून घ्यायचा. डायनॅमिक म्हणजे आत माहिती बदलली की बाहेरचं पान आपोआप बदलतं. "शेतकरी घरी बसून नंबर लावंल, ताई. आपल्या पुढं कोण हाय ते पाहील. स्टॅटिक आजकाल घेते कोण?" मी म्हटलं, "आणि डायनॅमिक घेतली की दरवर्षी देखभालीचे पैसे तू घेणार." तो हसला. "ते तर आलंच ना." ज्यात त्याचा फायदा त्याचंच तो कौतुक करतो आहे हे मला कळत होतं. पण नंबर सगळ्यांना दिसेल हे त्याचं वाक्य काही डोक्यातून जाईना.

तुम्हाला नंबराचं महत्त्व काय सांगायचं! खणून काढलेली हळद पाल्याखाली झाकून ठेवली तरी ती किती दिवस थांबणार? सुकते, खालून सडते. शिजवल्यावर पुढं वाळवणं, आणि तेव्हाच नेमकं आभाळ येतं. म्हणून हंगामात आपल्या दारात येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच असायचं, आमचा नंबर कधी. सगळे नंबर तुमच्या डोक्यात. तुम्ही कुणालाच दिवस सांगायचा नाहीत. "येतो म्हणलं ना. आपल्याकडं नंबर बदलत न्हाई," एवढं बोलून तुम्ही लाकडं रचायला लागायचात. एकदा तुम्ही ड्रायव्हरला सांगताना मी ऐकलं होतं, आणि दारात आलेल्या एका बाईला मी आपण होऊन सांगितलं, परवा तुमचा आहे. ती खुश होऊन गेली. तुम्ही स्वयंपाकघरात आलात, आई भाकरी थापत होती, आणि तिच्यासमोर मला म्हणालात, "कुकरची मालकीण कवा झाली तू? नंबर सांगायचा न्हाई कुणाला. कुणालाच." तेव्हा मला वाटलं, भांडणं टाळायला तुम्ही असं करता. आता वाटतं, जे कुणाला सांगितलेलंच नसतं, ते बदललेलंही कुणाला कळत नाही.

आणि एक दिवस आठवतो. मी शाळेतून येते आहे. कुकर त्या दिवशी ओढ्यापल्याडच्या मावशीच्या शेतात जायचा असतो, पण तो तिच्या बांधावरून सरळ पुढे निघून जातो, वरच्या शिवारात, गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, त्या मालकांच्या शेतात. मावशी बांधावर उभी आहे. ट्रॅक्टरवर तुम्ही आहात आणि तिच्याकडे बघत नाही. दुसऱ्या दिवशी ती आपल्याकडे येते, चुलीजवळ बसून चहा पिते, आईला एवढंच म्हणते, "मोठ्याचं आधी व्हावंच लागते, बाई." त्याच आठवड्यात पाऊस येतो. आणि त्याच महिन्यात तुम्ही माझ्यासाठी सायकल आणता, निळी, पुढे टोपली असलेली. मी ती पुढची कितीतरी वर्षं आनंदानं चालवली. दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायचं मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं, आणि ठेवल्यावर हटवता येत नाहीत. परवा आईला विचारलं की सायकल कुठून आली होती. तिनं माझ्याकडं न बघता उत्तर दिलं, "मेलेल्या माणसाची झडती काहून घेऊन राहिली? तुला शाळा लांब होती म्हणून आणली."

म्हणून मला डायनॅमिकच हवी होती. नंबर उघड्यावर असला की मालक आणि मावशी एकाच रांगेत दिसतील, मग कुणाला बांधावर ताटकळत उभं राहावं लागणार नाही. काकांनी आधी उडवूनच लावलं. "काहून? आपल्या घरातलं साऱ्या जिल्ह्याला दाखवायचं का?" त्यांच्या नकारानं माझा संशय पक्का झाला. नंबर तेही फिरवत असणार. मग मी त्यांना एकदा हिंगोलीला घेऊन गेले. त्या मुलानं लॅपटॉपवर नमुना दाखवला, आपल्याच हंगामातली खरी नावं टाकून. एक नाव बोटानं धरून वर नेलं, बाहेरच्या पानावरही ते वर गेलं. काकांनी चष्मा पुसला. "म्हंजे हितून वर नेलं की तिकडं बी वर?" "हो काका." "अन् आधी खाली होतं, ते कुणाला दिसत न्हाई?" "नाही. पानावर आत्ताचं तेवढंच दिसतं." मी मध्येच विचारलं, बदल झाला तर कुणी केला आणि का केला हे लोकांना दिसेल असं करता येतं का. तो म्हणाला, "येतं की. पण आजवर कोण्या गिऱ्हाइकानं मागितलं न्हाई." काका म्हणाले, "मग आपणच काहून मागायचं?" परतीच्या जीपमध्ये ते अगदी खुशीत होते. "डायनॅमिकच कर, बाई. जमाना त्याचाच हाय. पासवर्ड तेवढा माझ्यापाशी राहू दे." त्या नकारापेक्षा मला हा होकार जास्त भ्यायला लावणारा वाटला. उघडं केलं की खरं होईल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात काय, तर बदललेला नंबरसुद्धा पानावर न बदललेल्या नंबरासारखाच स्वच्छ दिसणार होता.

तोवर त्या नमुन्याची लिंक लोकांच्या फोनवर गेलेली होती आणि लोक त्यात आपला नंबर पाहायलाही लागले होते. नावं खालीवर करायचा पासवर्ड माझ्याकडेच होता, काकांना मी तो अजून दिला नव्हता. पानावर तुमच्या फोटोखाली मला तुमचंच वाक्य घालायचं होतं, आपल्याकडं नंबर बदलत नाही. ते घालण्याआधी ते खरं आहे का हे विचारायला मी मावशीच्या शेतात गेले. ती ढिगावर पाला पसरत होती. मी सरळच विचारलं, बाबांनी एकदा तुमचा नंबर बदलला होता का? ती हसली. "एकदा? मालकाच्या येळी मागं टाकला. निम्मी हळद काळी पडली माझी. अन् आमच्या धन्याला नांदेडला दवाखान्यात घालायचं होतं तवा न इचारता पुढं घेतला. दोन्ही बी केलं त्यानं." "मागे का टाकला?" "मी इचारलं न्हाई, त्यानं सांगितलं न्हाई." मग पाल्याची पेंढी माझ्या हातात देत म्हणाली, "तू ते जुनं काहून उकरून राहिली? आभाळ बघ. माझा ढीग बघ. मंगळवारी कुकर दे, एवढं बोल." मी म्हटलं, "मावशी, तुमचा नंबर बुधवारी आहे. मोबाइलमध्ये सगळ्यांना दिसतो." ती म्हणाली, "मला मोबाइलात काय दिसते? मला तू दिसून राहिली."

बाबा, मी घरी आले, अंगणातच बसून फोन उघडला आणि मावशीला मंगळवारी घेतलं. मंगळवारचा जो शेतकरी होता, आपल्या ओळखीचा ना देखीचा, तो बुधवारी गेला. बोटानं वर ओढायचं, सोडायचं, बस. पान तसंच नीटनेटकं. सकाळी त्याचा फोन आला. "ताई, काल मला मंगळवार दिसला, आज बुधवार दिसून राहिला. माझा बी ढीग रानातच पडेल हाय." मी म्हटलं, "भाऊ, साइट नवीन आहे, कधी कधी चुकीचं दाखवते." तो म्हणाला, "बराबर हाय. मशीनच ती, तिला काय कळते." चिडला नाही, भांडला नाही. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. तुम्ही मावशीच्या बांधावरून गेलात तेव्हा तुमच्याकडे तिच्यासमोर धरायला कसलंही पान नव्हतं. ट्रॅक्टरवर तुम्ही दिसत होतात. म्हणून तुम्ही निर्दोष ठरता असं नाही. मालकांकडून तुम्ही काय घेतलं हे मला अजून माहीत नाही, आणि सायकल आठवली की संशय येतोच. पण कुणावर रागावायचं हे मावशी जाणत होती. तेवढंही मी त्या मंगळवारच्या माणसासाठी ठेवलं नाही.

मी हिंगोलीला फोन करून स्टॅटिक करायला सांगितलं. "तुम्ही मागं जाऊन राहिल्या, ताई," तो म्हणाला. काकांना मी खर्चाचं कारण दिलं, तर ते डोळे बारीक करून बघत राहिले. "तुझे कान कुणी भरले?" आता पानावर कुकरचा फोटो आहे, आपण जातो त्या गावांची नावं आहेत, तुमचा फोटो आहे आणि फोन माझा आहे. नंबर विचारायचा तर माणसाला मला विचारावं लागेल आणि मला तोंडानं सांगावं लागेल. बदलला तर तेही. तुमचं वाक्य मी घातलं नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही ते बरंच आहे. पोचलं असतं तर तुम्ही सायकलचं काहीच बोलला नसतात, उलट मलाच विचारलं असतंत की त्या मंगळवारच्या माणसाला खरं काय ते सांगितलंस का. आज सोमवार आहे. ड्रायव्हरनं लाकडं भरून ठेवली आहेत, सकाळी कुकर ओढ्यापल्याड जाईल. त्या माणसाचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. फोन मी अजून लावलेला नाही.